पोस्टरला २५ गुण कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

विद्यार्थ्यांचा म्युझिक व्हिडिओ आणि त्याचं प्रसिद्धी साहित्य कसं तपासावं, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही संकलनात काम करता हे तिच्यातून दिसतंच, तेव्हा ‘मताबद्दल आभार’ एवढ्यावर भागवणं बरं नाही. मागाहून येणाऱ्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. १०० पैकी २५ गुण पोस्टर-कव्हरला देणं म्हणजे चित्रभाषा शिकायला आलेल्याला जाहिरातीच्या दुकानात बसवणं. लिप-सिंकसाठी, म्हणजे गाणाऱ्याचे ओठ आणि आवाज जुळवण्यासाठी, फ्रेम मोजत बसणं ही कारकुनी. ‘तांत्रिक दर्जा’ला २५ गुण ठेवले की महागडा कॅमेरा असलेला गट आधीच पुढे. प्रेक्षकांचे अभिप्राय हा फॉर्म भरण्याचा खेळ. आणि जाता जाता एक प्रश्न: गटात एक राबतो आणि बाकीचे मिरवतात, त्याचं काय?

कॅमेऱ्याचा आक्षेप आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. ‘तांत्रिक दर्जा’ हे शीर्षकच चुकलं. मागची पार्श्वभूमी मऊ धूसर होणं, अंधारात चित्र स्वच्छ येणं, आकाश पांढरंफटक न पडणं, या गोष्टी बऱ्याच अंशी लेन्स आणि सेन्सरच्या आहेत. त्यांचे गुण देणं म्हणजे बिलाला गुण देणं. पण काही गोष्टी पैशाने येत नाहीत. फोनवर शूट करताना एक्सपोजर (चित्रातला उजेड) आणि फोकस लॉक केला नाही, तर गायिका हात हलवते आणि मागची भिंत उजळते-काळवंडते. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची जुळणी) ऑटोवर सोडला, तर एकाच खोलीतले दोन शॉट एक पिवळा आणि एक निळसर येतात, आणि मग रंग जुळवण्यात दोन दिवस जातात. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तिथे शटर (एका फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की चित्र स्थिर राहतं, १/६० ठेवलं की पडद्यावर पट्टे सरकायला लागतात. ६० हर्ट्झच्या विजेला याच्या उलट, १/६० किंवा १/१२०. स्वस्तातल्या काही एलईडींवर हेही लागू पडत नाही, म्हणून शूटच्या आधी दहा सेकंदांची चाचणी घ्यावी. हे फोनवाल्यालाही जमतं आणि सिनेमा कॅमेरावाल्याचंही चुकतं. तेव्हा शीर्षक आता ‘तांत्रिक निर्णय’, आणि गुण २५ वरून १५.

लिप-सिंकवर मात्र माघार नाही. तुम्ही लिहिलंय, ‘दोन फ्रेम इकडे-तिकडे झाल्या तर कुणाचं काय बिघडतं?’ माझा प्रश्न असा की इकडे, की तिकडे? सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीत जाणवण्याची सीमा दिली आहे: आवाज चित्राच्या पुढे गेला तर साधारण ४५ मिलिसेकंदांना लक्षात येतं, मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातं. म्हणजे आवाज दोन फ्रेम मागे असेल तर बहुतेकांना पत्ताही लागत नाही, आणि दोन फ्रेम पुढे असेल तर काहीतरी खटकतंय हे अनेकांना कळतं, काय ते सांगता येत नाही. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, याची सवय आपल्याला जन्मापासून आहे. उलटं कधीच घडत नाही.

तपासणाऱ्याने ‘सिंक चुकलंय’ एवढाच शेरा मारला तर विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. चूक कशी वाढते ते पाहिलं की कारण सापडतं. सुरुवातीला जुळतं आणि तिसऱ्या मिनिटाला सुटतं, तर बहुधा फोनचं चित्रण बदलत्या फ्रेम-रेटचं (सेकंदाला फ्रेमची संख्या कमी-जास्त होणारं) आहे आणि ते ठरावीक फ्रेम-रेटमध्ये न बदलताच टाइमलाइनवर टाकलं आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच फरक राहतो, तर क्लिप ठेवतानाच चूक झाली. फक्त लांबच्या शॉटमध्ये फरक पडतो, तर स्पीकर कुठे ठेवला होता ते विचारा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. कॅमेरा स्पीकरशेजारी आणि गायक ३४ मीटरवर असेल, तर गाणं त्याच्यापर्यंत एक दशांश सेकंदाने, म्हणजे अडीच फ्रेम उशिरा पोचतं. त्याचे ओठ तेवढे मागे, आवाज पुढे. नेमकी न खपणारी बाजू. स्पीकर गायकाच्या पायाशी, फ्रेमच्या बाहेर ठेवला की हे मिटतं, मात्र कॅमेऱ्याच्या ध्वनीवरून जुळवायचं असेल तर तो माइकही गायकाजवळ हवा.

जुळलंय की नाही हे बघायला आपल्या वर्णमालेसारखं साधन नाही. पवर्गातला शब्द शोधा. ‘प’ किंवा ‘ब’ म्हणताना ओठ मिटावेच लागतात, आणि ‘प’च्या आधी ध्वनीच्या आलेखात एक छोटी शांतता दिसते. मिटलेल्या ओठांची फ्रेम त्या शांततेवर बसली पाहिजे. एका कडव्यात असे तीन शब्द तपासले की काम झालं. ‘म’ शक्यतो टाळा, तिथे ओठ मिटलेले असतानाही आवाज चालूच असतो. आणि सगळ्या फ्रेम जुळूनही गाणं खोटं वाटत असेल, तर गळा आणि छाती बघा. गायक सेटवर नुसते ओठ हलवत होता. श्वास घेताना दिसत नाही, मानेची शीर ताणत नाही. याला संकलनात औषध नाही. शूटच्या वेळी मोठ्याने गायला लावणं एवढंच. संथ गतीच्या शॉटलाही नियोजन लागतं: गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, ५० फ्रेमने शूट करायचं, २५ ने चालवायचं. ओठ जुळतात आणि केस, कापड, पाणी तरंगत राहतं. हे ज्या गटाने आधी ठरवून केलंय त्याला गुण, ज्याने संकलनात वेग निम्मा करून ओठ सुटू दिले त्याला नाही.

ठोक्यावरच्या कटचंही तसंच. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, २५ फ्रेमच्या हिशेबात साडेबारा फ्रेम. अर्धी फ्रेम कापता येत नाही. एखाद्याने डोळे झाकून दर १२ फ्रेमला कट मारला तर ५० ठोक्यांनंतर तो गाण्याच्या अख्खा एक सेकंद पुढे गेलेला असतो. म्हणून खुणा कानाने करायच्या, गणिताने नाही. पण चार मिनिटांत असे ४८० ठोके, आणि प्रत्येकावर कट असलेला व्हिडिओ शिस्तबद्ध कंटाळा असतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. मी पाहतो ते हे की मुखडा आणि अंतरा यांतली कटची घनता बदलते का, आणि बदलली तर शब्दांत किंवा वाद्यमेळात तिला कारण आहे का. शब्द आणि चित्र यांच्या नात्याचे अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ साली तीन प्रकार मांडले: चित्र शब्दांचं वर्णन करतं, त्यांत भर घालतं, किंवा त्यांच्याशी फारकत घेतं. विद्यार्थी यातला एक प्रकार आठवणीने लिहितात आणि व्हिडिओत भलतंच करून ठेवतात. गुण व्हिडिओत जे आहे त्याला.

आता मुख्य भांडण. पोस्टर आणि कव्हरला २५ गुण, आणि ते २५ च राहणार.

जाहिरात शिकवायची म्हणून नव्हे. आपला व्हिडिओ नेमका कशाबद्दल आहे हे गटाला कळलंय का, याची इतकी थेट परीक्षा दुसरी नाही. चार मिनिटांत गोंधळ लपवता येतो. कट वाढवले, धूर सोडला, रंग गडद केले की झालं. पोस्टरवर एकच चित्र बसतं. ते कोणतं, हे ठरवता न आलेला गट चेहरा, गिटार, रस्ता आणि मावळता सूर्य असं सगळं एकत्र चिकटवतो. तो कोलाज पाहिला की व्हिडिओही तसाच असणार याचा अंदाज येतो, आणि तो बहुतेकदा खरा ठरतो.

तपासण्याची रीत साधी. व्हिडिओतल्या तीन फ्रेम, अल्बमचं कव्हर, पोस्टर आणि थंबनेल (व्हिडिओच्या यादीत दिसणारं छोटं चित्र) नावं झाकून एका टेबलावर मांडा. दुसऱ्या दोन गटांचं साहित्य त्यात मिसळा. अनोळखी माणसाला जोड्या लावता आल्या पाहिजेत. सगळीकडे तोच फोटो वापरून हे साधलं असेल तर अर्धेच गुण. रंग, अक्षराचा घाट, प्रकाशाची दिशा, पोशाख यांतून नातं कळलं पाहिजे.

इथे सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे व्हिडिओतली फ्रेम उचलून छापणं. फुल एचडी फ्रेमची उंची १०८० पिक्सेल. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापली तर ९१ मिलिमीटर. सीडीच्या कव्हरची बाजू १२० मिलिमीटर, त्याला १४१७ पिक्सेल लागतात, आणि चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरलं तर १४८८. म्हणजे कव्हरलाच ती फ्रेम अपुरी. उभ्या ए-३ पोस्टरवर तीच फ्रेम ताणली तर जेमतेम ६५ डीपीआय उरतं, शिवाय हलत्या शॉटमधली फ्रेम मुळातच धूसर असते. उपाय शूटच्या दिवशीच करावा लागतो: त्याच पोशाखात, त्याच प्रकाशात अर्धा तास स्थिर छायाचित्रं, काही उभी, काही चौरस, मजकुरासाठी एका बाजूला मोकळी जागा सोडून. ही छायाचित्रं शूटच्या नियोजनपत्रकात होती का, हे मी विचारतो. नसतील तर प्रसिद्धी साहित्य शेवटच्या रात्री झालंय.

छपाईच्या चुका थोड्या वेगळ्या. पडद्यावरचा लखलखीत निळा-हिरवा सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) मळतो, म्हणून रंग आधीच त्या मोडमध्ये पाहावेत. बारीक मजकूर चारही शाईंच्या काळ्यात ठेवला तर छपाई किंचित सरकताच कडांना रंगीत सावली दिसते, तो फक्त काळ्या शाईत हवा. घडीच्या पाकिटाला कागदाचा नमुना कापून घडी घालून पाहिल्याशिवाय फाइल पाठवू नये, नाहीतर एक पान उलटं छापून येतं. देवनागरीची एक खास गोची आहे. इंग्रजी पोस्टरांसारखी अक्षरं फाकवली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. रुबाब हवा असेल तर आकार किंवा जाडी वाढवा, अंतर नको. दोन ओळींत जागा कमी ठेवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडताना जोडाक्षरं फुटू नयेत म्हणून छपाईच्या प्रतीत मजकुराचे आकार (आउटलाइन) करून टाकावेत, आणि सुधारता येईल अशी प्रत वेगळी ठेवावी. पोस्टरवर शुद्धलेखनाची एक चूक असली तरी मी दोन गुण कापतो. यावर कुणी रागावलं तर चालेल.

फोनसाठीच्या उभ्या टीझरबद्दल (व्हिडिओची छोटी झलक) तुम्ही लिहिलं नाहीत, पण तिथे संकलकाची दृष्टी लागते. १९२० × १०८० च्या आडव्या फ्रेममधून ९:१६ चा उभा तुकडा कापला तर १९२० पैकी जेमतेम ६०७ पिक्सेल रुंदी राहते, तिसऱ्या हिश्श्याहून थोडी कमी. दोन टोकांना उभे असलेले दोघंही गायब. नुसता मधला तुकडा कापलेला टीझर आणि प्रत्येक शॉटमध्ये चौकट हलवून नव्याने जुळवलेला टीझर यांतला फरक पाच सेकंदांत दिसतो. थंबनेलचं म्हणाल तर उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवतं. नाव तिथेच लिहिणारे दरवर्षी भेटतात.

अभिप्रायांच्या बाबतीत आपलं निम्मं एकमत आहे. ‘व्हिडिओ कसा वाटला, १ ते ५’ हा फॉर्म कचऱ्यात टाकावा. मित्र चार देतात, आई पाच. त्याऐवजी कच्च्या संकलनावर आठ-दहा जणांना वेगवेगळं बसवून तीन गोष्टी कराव्यात. आवाज बंद करून व्हिडिओ दाखवा आणि काय घडलं ते सांगायला लावा. पोस्टर पाच सेकंद दाखवून उलटं ठेवा आणि कलाकाराचं नाव, गाण्याचा बाज, प्रकाशनाची तारीख विचारा. तिसऱ्या वेळी आवाजासह दाखवताना पडद्याकडे न बघता माणसाकडे बघा, नजर हटली की वेळ टिपून ठेवा. आत्मपरीक्षणात मला ‘प्रेक्षकांना आवडलं’ हे वाक्य नको, ‘०:४७ ला दोन पात्रं एकच वाटली, म्हणून दुसऱ्याचा सदरा बदलून तो शॉट पुन्हा घेतला’ हे हवं. अभिप्राय ऐकूनही बदल केला नाही आणि का ते नीट लिहिलं, तरी गुण तितकेच. अंतिम प्रतीवर घेतलेल्या अभिप्रायांना मात्र शून्य, कारण त्यांनी बदलण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

राबणारा आणि मिरवणारे: गटाचे गुण सगळ्यांना सारखे असू नयेत. प्रत्येकाला पाच मिनिटं एकट्याने बोलवावं, मूळ टाइमलाइन उघडायला सांगावी. एक निर्णय तो निवडेल आणि समजावेल, दुसरा तपासणारा निवडेल. आत्मपरीक्षणाचे गुण यातूनच, व्यक्तिगत.

तुमच्या आक्षेपानंतर वाटणी अशी झाली आहे: आशय आणि रचना ३५, तांत्रिक निर्णय १५, प्रसिद्धी साहित्य २५, प्रक्रिया आणि आत्मपरीक्षण २५. आधी ती अनुक्रमे ३०, २५, २५ आणि २० होती. मूळ लेखात जुने आकडे खोडून तसेच दिसतील असे ठेवले आहेत, म्हणजे तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला ती कशावर होती ते कळेल.