पंधरा वर्षांची मिया आणि ‘तटस्थ’ सिनेमा

फिल्म सोसायटीच्या गप्पांत, परीक्षणांत, इथे फेसबुकवरही एक वाक्य सारखं कानावर येतं: ‘दिग्दर्शकाने कुठलीच बाजू घेतली नाही, हीच या सिनेमाची ताकद.’ वयात येणाऱ्या मुलांवरच्या, थोडक्या पैशांत आणि बिनस्टारच्या सिनेमांबद्दल तर हे हमखास म्हटलं जातं. मला हे कौतुक अजिबात पटत नाही. यातले खरोखर चांगले सिनेमे ठाम बाजू घेतात. फक्त ती कुणा पात्राच्या तोंडी घालत नाहीत. कॅमेरा कुठे उभा करायचा, कुणाच्या चेहऱ्यापाशी किती वेळ थांबायचं, काय दाखवायचं नाही, हे ठरवतानाच त्यांची बाजू ठरलेली असते.

(पुढे कथानकं उघड केली आहेत. ज्यांना पाहायचे आहेत त्यांनी आधी सिनेमे पाहावेत.)

अँड्रिया अर्नोल्डचा ‘फिश टँक’ घ्या, २००९ सालचा. कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळालं होतं. इंग्लंडमधल्या एसेक्स भागातली सरकारी वसाहत, तिथे आई आणि धाकट्या बहिणीबरोबर राहणारी १५ वर्षांची मिया. शाळा सुटलेली, मैत्रिणींशी भांडण, एका रिकाम्या फ्लॅटमध्ये एकटीच नाच बसवत असते. मग आईचा नवा मित्र कॉनर घरात येतो. मियाशी नीट बोलणारा, तिच्या नाचाचं कौतुक करणारा हा पहिलाच मोठा माणूस. सगळ्यांना गाडीतून फिरायला नेतो, पाण्यात उतरून नुसत्या हातांनी मासा पकडून दाखवतो. मियाचा पाय कापतो तेव्हा तिला पाठुंगळी घेऊन परत आणतो. मियाला तो आवडतो. आपल्यालाही आवडतो, आणि सिनेमाचा सगळा डाव तिथेच आहे. मायकल फासबेंडरने कॉनरमध्ये खलनायकाची एकही खूण ठेवलेली नाही.

एका रात्री आई पिऊन वर झोपलेली असते आणि खाली मिया त्याला आपला नाच दाखवते. पुढे जे होतं ते होतं.

इथे खरी अवघड गोष्ट ही की मियालाही तो हवा होता. भित्रा दिग्दर्शक हे लपवेल. मुलगी रडतेय, विरोध करतेय असं दाखवेल, म्हणजे प्रेक्षकाला निवाडा करणं सोपं जाईल. त्याहून वाईट दिग्दर्शक त्याला ‘पहिलं प्रेम’ म्हणून मोकळा होईल. अर्नोल्ड दोन्ही करत नाही. मियाची ओढ ती पूर्ण मान्य करते, आणि त्या ओढीमुळे कॉनरची जबाबदारी तसूभरही कमी होऊ देत नाही. इंग्लंडमध्ये संमतीचं वय १६ आहे, पण सिनेमात ना पोलिस येतात ना कुणी समुपदेशक. कॉनर निघून जातो, एवढंच. मिया त्याचं घर शोधून काढते आणि तिथे तिला कळतं की त्याला बायको आहे, लहान मुलगी आहे.

त्यानंतरचा भाग मला पुन्हा बघवत नाही. मिया त्या चिमुरडीला घेऊन निघते, दोघी खाडीकाठी भटकत राहतात, आणि झटापटीत ती मुलगी पाण्यात पडते. मिया तिला बाहेर ओढते. पण ते काही क्षण आपण मियाचा राग राग करतो. जिच्यावर अन्याय झाला तीच आता दुसऱ्या लेकराच्या जिवावर उठलीय. अन्याय सोसलेलं माणूस निर्मळच असलं पाहिजे, ही आपली जी अपेक्षा असते ना, ती अर्नोल्ड इथे मोडून काढते. आणि तरीही मूळ दोष कुणाचा याबद्दल मनात तिळमात्र गोंधळ राहत नाही. याला तटस्थपणा म्हणायचं?

एलायझा हिटमनचा २०२० सालचा ‘नेव्हर रेअरली समटाइम्स ऑल्वेज’ याच वाटेने जातो. पेनसिल्व्हेनियातल्या गावातली १७ वर्षांची ऑटम. तिला गर्भपात करायचा आहे, पण तिच्या राज्यात १८ च्या खालच्या मुलीला पालकाची परवानगी लागते. म्हणून ती नात्यातल्या एका बहिणीला घेऊन बसने न्यूयॉर्क गाठते. गावातल्या केंद्रात तिला सांगितलेलं असतं, दहावा आठवडा. न्यूयॉर्कमध्ये कळतं, अठरावा. गर्भपात बरोबर की चूक, यावर अख्ख्या सिनेमात वाद नाही. दिसतात ते पैसे, बसचं तिकीट, जड सुटकेस, रात्र काढायला जागा नसणं.

आणि मग तो प्रसंग. दवाखान्यातली बाई छापील प्रश्न विचारतेय, उत्तरं चारच: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी. जोडीदाराने कधी मारलंय का? मनाविरुद्ध जबरदस्ती केलीय का? कॅमेरा ऑटमच्या चेहऱ्यावरून हलत नाही. सुरुवातीला ती पटापट उत्तरं देते, मग अडखळते, मग उत्तरच देता येत नाही. तिच्याशी हे कुणी केलं, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. अनेकांना ते अर्धवट वाटलं. मला ते सगळ्यात योग्य वाटतं. नाव कळलं असतं तर आपण त्या एका माणसावर राग काढून घरी गेलो असतो. शिवाय तिला सांगायचं नाहीये, तर आपल्याला कळण्याचा हक्क काय? फ्लॅशबॅकमध्ये ते ‘दाखवण्या’चा मोह किती दिग्दर्शकांना आवरला असता?

आपल्याकडे हे सगळ्यात धीटपणे केलं ते नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’ने. जात हा विषय घेऊन आधीही सिनेमे झाले. पण कैकाडी समाजातला जब्या स्वतःच्या बापाची, बापाच्या डुकरं पकडण्याच्या कामाची लाज बाळगतो, हे दाखवायला छाती लागते. शाळेशेजारी अख्खं घर डुकरामागे धावतंय, गाव मॅच बघावी तसं बघत बसलंय, आणि जब्या आडोशाला लपतोय, कारण बघणाऱ्यांत त्याला आवडणारी शालू आहे. शालू हसतेय. तिला दुष्ट केलेलं नाही, ती इतरांसारखीच हसतेय. मधेच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटतं. मी थिएटरमध्ये पाहिला तेव्हा या पळापळीला सुरुवातीला चांगलंच हसू आलं होतं लोकांना. ते हळूहळू विरत गेलं. पुढे मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेलं जातं, मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले रंगवलेले. आणि जब्याने भिरकावलेला शेवटचा दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर. यात बाजू घेतलेली नाही असं कोण म्हणेल?

उलट, आपले बरेच ‘विषय मांडणारे’ सिनेमे शेवटच्या वीस मिनिटांत कच खातात. एखादे सर किंवा डॉक्टरकाका उभे राहतात, पालकांना चार शब्द सुनावतात, पालक डोळे पुसतात, गाणं लागतं. त्या भाषणात मुलाचं म्हणणं कुठेच नसतं. अवघड विषय हाताळल्याचं समाधान मात्र सगळे घेऊन जातात.

आता मला खुपणारी गोष्ट. ‘फिश टँक’मध्ये मियाचं काम केलेली केटी जार्व्हिस रेल्वे स्टेशनवर मित्राशी भांडताना सापडली होती, अभिनयाचा अनुभव शून्य. अर्नोल्डने सिनेमा कथेच्या क्रमाने चित्रित केला आणि कलाकारांना संहिता थोडी थोडी करून दिली, पुढे काय होणार हे त्यांना आधी माहीत नसायचं. पडद्यावरच्या खरेपणात या पद्धतीचा मोठा वाटा आहे, हे उघड आहे. पण ज्या सिनेमाचा विषयच ‘मोठ्या माणसाला जास्त माहिती असते आणि मुलीला कमी’ हा आहे, तो करताना एका किशोरवयीन मुलीला कमी माहिती द्यायची? मला हा सिनेमा फार मोलाचा वाटतो आणि हा प्रश्नही मनातून जात नाही.

आपल्याकडे बालमजुरी कायद्याच्या २०१७ च्या नियमांत चित्रीकरणासाठी काही अटी आहेत: दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, दर ५ मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती, मिळकतीच्या किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे ठेव म्हणून. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घ्यायचं नाही, असंही त्यात आहे. पण हे नियम १४ वर्षांखालच्या मुलांसाठी आहेत, आणि वयात येण्याच्या गोष्टी तर १४, १५, १६ च्या आसपासच घडतात.

महोत्सवात अशा सिनेमानंतर दिग्दर्शकाला लोकेशन विचारतात, लेन्स विचारतात, मुलं कशी शोधली हे कौतुकाने विचारतात. यापुढे माइक माझ्याकडे आला तर मी एवढंच विचारणार आहे: त्या प्रसंगात काय घडणार आहे, हे त्या मुलीला कधी सांगितलं, कुणी सांगितलं, आणि ती ‘नको’ म्हणाली असती तर तुम्ही काय करणार होतात?