काडेपेटीतला फॉस्फरस आणि जबडा सडवणारा फॉस्फरस एक नव्हे

"काडीच्या गुलात, कोलात आणि खतात एकच फॉस्फरस असतो. तो हवेत आपोआप पेटतो, जबडा सडवतो, मुलाने काडी चोखली तर खेळ खलास." हा मेसेज सध्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. भीती घालणारा हा मजकूर चुकीचा तर आहेच, पण खरा धोका त्यात आलेलाच नाही, याची मला जास्त चिंता वाटते.

पहिला दावा गुलाचा. आपल्या नेहमीच्या काडीच्या गुलात फॉस्फरस नसतोच. तिथे पोटॅशियम क्लोरेट, गंधक आणि सरस असतो. फॉस्फरस असतो पेटीच्या कडेच्या तपकिरी पट्टीवर, काचेच्या भुकटीत मिसळलेला, आणि तोही तांबडा. म्हणून तर ही काडी भिंतीवर कितीही घासा, सहसा पेटत नाही. पट्टीवर घासली की तिथला तांबडा कण तापून गुलातल्या क्लोरेटला भिडतो आणि काडी भडकते. अर्थात क्लोरेटही जास्त पोटात गेलं तर घातकच, तेव्हा पेटी मुलांच्या हाती नकोच.

आपोआप पेटणारा आणि जबडा सडवणारा तो पांढरा फॉस्फरस. चार अणूंचा ताणलेला रेणू, साधारण 30 अंशांच्या आसपास हवेत पेट घेणारा, त्यामुळे पाण्याखाली ठेवावा लागणारा. 19व्या शतकात युरोपातल्या काडेपेटी कारखान्यांत त्याच्या वाफांनी कामगारांच्या जबड्याची हाडं कुजली. 1906च्या बर्न कराराने अशा काड्यांवर बंदी आणली, भारतात 1913मध्ये कायदा झाला. तांबड्यात अणू तेच, पण साखळीत गुंफलेले. तो पेटायला 240 अंशांच्या वर तापमान लागतं.

कोला आणि खताचं थोडक्यात सांगतो. तिथे असतो फॉस्फेट, म्हणजे ऑक्सिजनशी पूर्ण जोडला गेलेला फॉस्फरस. राख जशी पुन्हा पेटत नाही, तसाच तो. आपल्या हाडांत आणि दातांतही फॉस्फेटच आहे. कोलाने दात झिजतात ते आम्लामुळे, किडतात ते साखरेमुळे.

आता खरा धोका. उंदीर मारायच्या काही पेस्टमध्ये 3 टक्के पिवळा फॉस्फरस असतो, म्हणजे पांढराच, थोडा अशुद्ध. ट्यूब दिसते टूथपेस्टसारखी. पोटात गेल्यावर आधी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस माणसाला बरं वाटतं आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागतं. त्यावर नेमका उतारा नाही. म्हणून बरं वाटतंय असं पाहून पेशंटला घरी आणू नका; पहिल्याच तासात मोठ्या रुग्णालयात न्या आणि ती ट्यूब डॉक्टरांना दाखवा.