राष्ट्रीय प्राण्याचा खिमा

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाऊजींनी ठणकावलं : "अमेरिकेने २०१६ साली बायसनला राष्ट्रीय सस्तन प्राणी केलं. मग २०२४ ला महाराष्ट्राने देशी गाईला राज्यमाता केलं, तर एवढा गदारोळ कशाला?"

अहो भाऊजी, इथे अमेरिकेत साउथ डकोटात त्या राष्ट्रीय प्राण्याचा, म्हणजे त्या दांडग्या केसाळ रानटी जनावराचा, खिमा किराण्याबरोबर मिळतो! त्याला तो मान मिळावा म्हणून खटपट करणाऱ्यांत मूळनिवासी जमाती होत्या, वन्यजीववाले होते आणि मांसासाठी बायसन पाळणाऱ्या रँचरांची संघटनाही होती. कातड्याच्या धंद्याने कोट्यवधींचे कळप १८८० च्या दशकात हजाराच्या आसपास आणून ठेवले. आज उत्तर अमेरिकेत काही लाख बायसन आहेत, बहुतेक खासगी रँचवर. विकला जातो म्हणून पाळला जातो. हे ग्रुपवर लिहायची माझी छाती नाही.

धंदा सोपा नाही. बीफची गाय दोन वर्षांची होते तेव्हा विते, बायसनची मादी तिसऱ्या वर्षी. वाढीची हॉर्मोन द्यायला बंदी. कत्तलीला दोन-अडीच वर्षं थांबायचं. बीफची तपासणी सरकारी खर्चाने होते, बायसनच्या मांसाची तपासणी मात्र बायसनवाल्याच्या खिशातून. त्यामुळे खिमा बीफपेक्षा बराच महाग. ओळखीच्या रँचवर बादली वाजली की बीफच्या अँगस जातीच्या गाई मागे मागे येतात. बायसन पिंजऱ्यात घेतला की लोखंड दणाणतं, आणि त्याची शेपटी उभी झाली की रँचर आधी कुंपण गाठतो. पण हाच प्राणी उणे वीसमध्ये गोठ्यावाचून राहतो, डोक्याने बर्फ सारून गवत खातो. (शेवटी बऱ्याच बायसनना धान्य घालूनच वजन चढवतात, ते इथे सोडून देऊ.)

आणि आमच्या आटपाडीच्या काकांचा खिलार? बैलाच्या कत्तलीवरही बंदी घालणाऱ्या २०१५ च्या कायद्यानंतर थकलेल्या बैलाला बाजारात कोण विचारतो? सरकारचे रोजचे ५० रुपये गोशाळेतल्या देशी गाईला. दावणीच्या बैलाची वैरण काकांच्या खिशातून. राज्यमातेच्या लेकराची ही तऱ्हा! भाऊजींनी जन्मात शेण काढलेलं नाही. दहावीनंतर मीही नाही म्हणा.

मी बीफ खात नाही, बायसन खातो. तो गाय नाही, असं स्वतःला पटवलंय. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "दाजीपूरला पाहिलेल्या गव्यासारखाच ना रे?" तसलाच, पण लांबचा, म्हटलं. "गाईचाही लांबचाच असेल मग," म्हणाली आणि पावसाचं विचारू लागली.

शेजारी मात्र बार्बेक्यूला माझ्यासाठी बायसनची पॅटी वेगळी आणतो, वेगळ्या तव्यावर भाजतो, चिमटाही निराळा. एवढं सोवळं आता आमच्या घरीही कुणी पाळत नसेल.