“लिनक्सच्या नादी लागू नका” म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुन्या लॅपटॉपवर ११ चढत नाही म्हणजे तो लॅपटॉप गेला, आणि लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या, तर नादीच लागू नका, ते प्रोग्रामर लोकांचं काम, डेटा उडतो, वायफाय लागत नाही, प्रिंटर चालत नाही, मराठी टाइप होत नाही. हे वाचून लोक इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनच्या प्रोसेसरचे, आठ जीबी रॅमचे धडधाकट लॅपटॉप भंगाराच्या भावात देतायत आणि पोरांसाठी हप्त्यावर नवीन घेतायत. याचा मला खरंच त्रास होतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“लॅपटॉप गेला” हे साफ खोटं. त्या तारखेला मशीन बंद पडलं नाही, नेहमीचे सिक्युरिटी अपडेट थांबले, आणि ईएसयूसाठी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वाढीव अपडेट योजनेसाठी, नावनोंदणी केली तर तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. ११ ला टीपीएम २.० ही सिक्युरिटी चिप आणि साधारण आठव्या जनरेशनपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो म्हणून ते चढत नाही, तुमचा लॅपटॉप स्लो आहे म्हणून नाही. लिनक्स मिंट २२ ला, म्हणजे नवख्यांना सोप्या अशा लिनक्सच्या एका प्रकाराला, असली अट नाही आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

“डेटा उडतो.” उडतो, जर इन्स्टॉल करताना डिस्क इरेज करायचा पर्याय न वाचता निवडला तर. पण त्याच्या कितीतरी आधी तुम्ही पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघू शकता, हार्डडिस्कला हात न लावता. लिनक्सची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केली तर बूट होत नाही, बहुतेक नवखे इथेच अडकतात आणि “चालत नाही” म्हणून सोडून देतात, ती रूफससारख्या टूलने लिहावी लागते, मग लॅपटॉप चालू करताना डेल-लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. तिथेच वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेस सगळं तपासा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, डिस्कचा इंटेल आरएसटी किंवा रेड (RAID) मोड चालू असतो, पण तो बदलायच्या आधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर विंडोज त्या कीशिवाय उघडणारच नाही.

वायफायचं म्हणाल तर इंटेलची कार्डं सहसा लगेच चालतात. अडतं ते जुन्या लॅपटॉपमधल्या ब्रॉडकॉमच्या कार्डांशी, त्यांचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो सुचवेल तो ड्रायव्हर टाका आणि रीस्टार्ट.

“प्रोग्रामर लोकांचं काम” म्हणणाऱ्यांनी केरळकडे बघावं, तिथल्या सरकारी शाळांतली मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतायत.

प्रिंटरचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. एचपीचे बहुतेक चालतात, पण लेझरजेट १०२० सारख्यांना चालू केल्यावर दर वेळी कॉम्प्युटरकडून फर्मवेअर लागतं, म्हणून प्रिंटर यादीत दिसतो पण कागद हलत नाही, एचपीचं प्लगइन टाकलं की सुटतं. कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून क्लासपर्यंत सगळीकडे आहे, तो खरोखर छळतो, आणि रोजचं काम त्याच्यावर असेल तर आधी तेवढं बघून मगच पाऊल उचला.

आता मराठी. या मुद्द्यावर सगळ्यात जास्त चुकीचं पसरवलं जातं. कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउटच्या यादीत मराठी आहे, इनस्क्रिप्टही (भारतीय भाषांचा ठरलेला कीबोर्ड) आणि फोनेटिकही (उच्चाराप्रमाणे), काही डाउनलोड करावं लागत नाही. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबस या टायपिंगच्या प्रोग्रामचं एम१७एन पॅकेज टाका, त्यात तशी आयट्रान्स पद्धत आहे. लोक जे दाखवतात ते वेगळंच असतं: वर्डमध्ये मंगल फॉन्टमध्ये केलेला अर्ज लिनक्सवरच्या लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं मोफत ऑफिस) उघडतो पण ओळी सरकतात, सही दुसऱ्या पानावर जाते. फाइल बिघडलेली नसते, मंगल हा मायक्रोसॉफ्टचा फॉन्ट तिथे नसतो म्हणून दुसरा फॉन्ट बसतो आणि त्याची रुंदी वेगळी. दोन्हीकडे मुक्ता किंवा नोटो सारखा मोफत फॉन्ट वापरा, आणि बाहेर पाठवताना पीडीएफ पाठवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली जुनी फाइल अगम्य चिन्हांसारखी दिसते हे खरं, पण तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही तेच दिसतं, कारण तो मजकूर युनिकोडच नाही.

ज्यांचं पोट टॅलीवर किंवा श्रीलिपी-पेजमेकरच्या डीटीपीवर आहे त्यांनी विंडोज सोडू नये, हे मी स्पष्टच सांगतो. हवंच असेल तर एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही शेजारी ठेवा. मग कधी कधी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं, कारण लिनक्स हार्डवेअरच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं, लिनक्सला लोकल वेळ ठेवायला सांगणारी एक कमांड त्याला पुरते. आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर चालू होण्यासाठी पूर्ण बंद न होण्याची सोय) आधीच बंद करा, नाहीतर लिनक्समधून डी ड्राइव्ह उघडेल, फोटो दिसतील, पण त्यात काहीही सेव्ह होणार नाही.