‘शब्दकोश उघडायची तसदी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘ॲडमॉनिश म्हणजे कानउघाडणी’ या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतलेत. एक, या शब्दात झाल्या चुकीबद्दलचे बोल असतात तसा पुढच्यासाठी इशाराही असतो, तो मी गाळला. दोन, लॅटिन मूळ दिलं नाही. तीन, उच्चार चुकवला. आणि शेवटी ही पुस्ती जोडलीत: ‘लेखकमहाशयांनी शब्दकोश उघडायची तसदी घेतली असती, तर वाचकांचा वेळ वाचला असता.’

उच्चाराचं आधी मिटवतो. एके ठिकाणी ‘ॲडमोनिश’ पडलं होतं, ‘ॲडमॉनिश’ हवं. चूक माझीच. दुरुस्त केली.

आता ती तसदी. माझ्या टेबलावरच्या इंग्रजी-मराठी कोशाचा कणा दोनदा तुटलाय. पुठ्ठ्याला चिकटपट्टी आहे आणि पुढची चाळीसेक पानं सुटी झाली आहेत, म्हणजे नेमकी ‘ए’चीच. ती काही वाऱ्याने सुटी झाली नाहीत. बावीसाव्या वर्षी एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात न्यायाधीशांनी एका वकिलाला ‘ॲडमॉनिश’ केल्याची बातमी आली आणि भाषांतरातलं ‘इशारा दिला’ मी तसंच जाऊ दिलं. रात्रपाळीच्या उपसंपादकांनी प्रूफ माझ्यापुढे सरकवलं. ‘इशारा’वर लाल शाईची आडवी रेघ, समासात एकच शब्द: ‘समज’. वर म्हणाले, ‘वकील बोलून बसलाय ना? मग आता इशारा कसला देतोस?’ त्याला तीस वर्षं झाली. शब्दकोश कसा उघडतात हे मला आता टोपणनावाच्या आडून कुणी शिकवावं, याची मौज वाटते.

मराठीत या कामाला शब्द कमी नाहीत, तीच पंचाईत आहे. इशारा म्हणजे मुळात खूण. तो वादळाचाही असतो, त्यासाठी कुणी चुकावं लागत नाही. ताकीद वरून खाली येते आणि तिच्यात जोर असतो. अरबीत त्या शब्दाचा अर्थच मुळी जोर देणं. तंबीचं मूळ अरबी ‘तंबीह’, म्हणजे जागं करणं, पण मराठीत येईतो तिला दरडावणीचा वास लागला. ॲडमॉनिश यांतल्या कुठल्याच खुंटीवर नीट बसत नाही. त्यात बोलणाऱ्याचा अधिकार असतो, चूक बहुधा घडून गेलेली असते आणि आवाज चढलेला नसतो. (या हिशेबाने आपली प्रतिक्रिया ॲडमॉनिशन नव्हे. ती तंबी.) स्कॉटलंडच्या फौजदारी न्यायालयांत ‘ॲडमॉनिशन’ हा निकालाचाच एक प्रकार आहे. गुन्हा शाबीत होतो, तशी नोंदही राहते, पण दंड नाही की कैद नाही. समज देऊन सोडतात. तिथेही ‘पुन्हा करू नकोस’ हे अध्याहृत असतं, मान्य. पण आधी काहीतरी केलेलं असतं म्हणूनच ना? ‘फॉर’ आलं की झाल्याबद्दल बोल आणि ‘अगेन्स्ट’ आलं की पुढचं टाळायला बजावणं, हा भेद आपण मोठ्या हौसेने उलगडून दाखवलात. तो मला ठाऊकच नसेल हे कशावरून ठरवलंत? लेखात सगळंच कोंबता येत नाही, महोदय.

लॅटिनचं म्हणाल तर ‘मोनेरे’, म्हणजे आठवण देणं, बजावणं. मॉनिटर त्यातलाच. झालं समाधान? खरी गंमत मधल्या प्रवासात आहे, आणि ती तुमच्या प्रतिक्रियेत कुठे दिसली नाही. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत ‘अमोनेस्ट’ होऊन आला. शेवटचा ‘ट’ लोकांना भूतकाळाचा प्रत्यय वाटला, म्हणून तो गळाला. मग ‘अबॉलिश’सारख्या क्रियापदांच्या नादाने मागे ‘इश’ लागलं आणि लॅटिनमधल्या ‘ॲडमोनेरे’ या जोडरूपाकडे बघून ‘ड’ परत घातला गेला. सांगायचं तर हे सांगायचं होतं.

लेखातलं ‘ॲडमॉनिशमध्ये इशारा नसतोच’ हे वाक्य आज सकाळी बदललं आहे. आता तिथे ‘इशारा दुय्यम असतो’ असं वाचायला मिळेल. हा बदल तुमच्या सांगण्यावरून केलेला नाही, ते वाक्य मला पहिल्यापासूनच खटकत होतं.