हेड बोल्टचं बिल आणि टॅपेट कव्हरची गळती : गॅरेजमालकाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही दोन गोष्टी लिहिल्यात. हेड गॅसकेटच्या (इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगच्या) कामात दहा नवे बोल्ट लावून बिल फुगवलं, आणि 'टॉर्क रेंच घेऊन दिवसभर खट्‌खट्‌ केलं' तरी पंधरा दिवसांत तेल गळायला लागलं.

गळतीची चूक आमचीच. मंगळवारी कव्हर तुमच्यासमोरच उघडलं. टॅपेट कव्हरचे, म्हणजे हेडवरच्या झाकणाचे, बोल्ट बारीक, जेमतेम १० न्यूटन-मीटर जोराने आवळायचे. टॉर्क रेंच म्हणजे लावलेल्या आकड्याइतका जोर आला की 'खट्‌' वाजणारा पाना. आमच्या पोराने ते अर्धा इंची रेंचने आवळले, आणि त्या रेंचचा आकडा सुरूच होतो २८ पासून. पोरगा 'खट्‌' होण्याची वाट बघत ओढत राहिला. कोपऱ्यातल्या बोल्टने ॲल्युमिनियमचे आटेच ओढून काढले. हेडचं काम मी केलं आणि 'कव्हर काय, पोरगा लावेल' म्हणून हात धुवायला गेलो, ते माझं चुकलं. आता हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून, नवं गॅसकेट घालून पाव इंची रेंचने आवळलंय. त्याचे पैसे घेतले नाहीत, गळालेलं तेलही आम्हीच भरलं.

बोल्टचं मात्र पटत नाही. तुमच्या इंजिनाचे हेड बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने ठरलेल्या टॉर्कला (पिळायच्या जोराला) आवळायचे, मग ९० अंश फिरवायचे, मग पुन्हा ९०. त्यात बोल्ट मुद्दाम ताणला जातो. तो परत वापरू नका, असं कंपनीच्या मॅन्युअलमध्येच आहे.

तुमच्या ओळखीचे मेस्त्री म्हणाले, हाताला कळतं. माझे उस्तादही तसंच म्हणायचे, आणि त्यांचा हात खरंच पक्का होता. पण हाताला कळतो तो पाना ओढायचा जोर, आणि त्यातला बहुतेक घर्षणातच जातो. आट्यांत गंज असला की पाना घट्ट लागतो, हेड मात्र पुरेसं दाबलेलं नसतं. तुम्ही चहा घेताना विचारलंत ना, 'अजून आवळायलाच घेतलं नाही?' तेव्हा आम्ही ब्लॉकमधली बोल्टची भोकं पुसत होतो. बंद भोकात कूलंट साचलेलं राहिलं आणि वरून बोल्ट आवळला, तर ब्लॉकला चीर जाऊ शकते. तासभर त्यातच गेला.

तुमचे जुने दहाही बोल्ट पिशवीत ठेवलेत. व्हर्नियर लावून बघितलं, त्यातले तीन नव्यांपेक्षा जवळपास एक मिलिमीटरने लांब भरले. गाडी दाखवायला याल तेव्हा स्वतः मोजून बघा आणि घेऊन जा.