‘दिसत नसतं तर पोरगं बोललंच असतं’: एका फॉरवर्डला उत्तर

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सूर तोच. ‘शाळेत डोळे-कान तपासायला येतील त्या दिवशी मुलाला घरी ठेवा. हा चष्मेवाल्यांचा धंदा आहे. मुलाला दिसत नसतं, ऐकू येत नसतं तर त्यानं सांगितलं नसतं का? एकदा चष्मा लागला की डोळे आळशी होतात, नंबर चढतच जातो. त्यापेक्षा गाजर-बदाम द्या, त्राटक शिकवा, कानात कोमट तेल सोडा. प्रगत देशांनी शाळेतली कानाची तपासणी केव्हाच बंद केली.’ खाली हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’.

मी सरकारी रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. शाळेतून चिठ्ठी घेऊन आलेली मुलं तपासणं हे माझं नेहमीचं काम. या मेसेजमधला एक मुद्दा अर्धा खरा आहे, त्याच्याकडे मी येईनच. बाकीचे एकेक करून घेतो.

‘दिसत नसतं तर मुलानं सांगितलं असतं.’

सगळ्यांना पटतो तो हाच मुद्दा, आणि सगळ्यात जास्त नुकसानही हाच करतो. सांगायला आधी कळावं लागतं. ज्याला पहिल्यापासून फळा धूसरच दिसतो, त्याच्या लेखी फळा असाच असतो. शेजारच्याला तो कसा दिसतो हे त्याला कुठून कळणार? त्यात लघुदृष्टीची, म्हणजे जवळचं स्पष्ट आणि लांबचं धूसर दिसण्याची, गंमत अशी की घरी काही जाणवतच नाही. उणे दोन नंबर असलेल्या मुलाला अर्ध्या मीटरपर्यंत सगळं लख्ख दिसतं. वही, पुस्तक, मोबाइल, ताटातला भात, कुठेच अडत नाही. आई म्हणते, ‘अहो, सुईत दोरा ओवून देतो मला!’ देणारच. त्याचं अडतं ते फळ्यावर, आणि फळा आईसमोर नसतो. तोपर्यंत पोरगं शेजारच्याच्या वहीतून उतरवून घ्यायला शिकलेलं असतं, आणि सरांनी त्याला ‘लक्ष नसतं’ या खात्यात टाकलेलं असतं.

दिल्लीतल्या शाळांमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ९,८८४ मुलं तपासली, त्यांतल्या १३.१ टक्के मुलांना लघुदृष्टी निघाली. त्यांच्यापैकी जेमतेम पाव मुलांकडे योग्य चष्मा होता. बाकीच्यांनी घरी सांगितलं असतं, तर हे चित्र असं दिसलं नसतं.

दोन डोळ्यांपैकी एकच कमजोर असला तर मामला आणखी लपतो. चांगला डोळा दोघांचं काम करतो आणि मूल क्रिकेटही झकास खेळतं. हे तपासणीत कसं उघडं पडतं ते सांगतो. सहा मीटरवर तक्ता लावलेला असतो, त्यावर चार दिशांना तोंडं केलेले इंग्रजी ‘ई’. मुलानं हातानं दिशा दाखवायची, एका वेळी एक डोळा झाकून. चौथीतल्या एका मुलानं डावा डोळा झाकून भराभर सगळ्या ओळी दाखवल्या. उजवा झाकायला सांगितल्यावर आधी मान तिरकी केली, मग बोटांच्या फटीतून बघायला लागला. हात नीट धरायला लावला तर म्हणतो, ‘सर, हा कागद पुसट झालाय, दुसरा लावा ना.’ कागद तोच होता. डाव्या डोळ्यानं आपल्याला नीट दिसत नाही, हे त्याला त्या दिवशी, त्या व्हरांड्यात पहिल्यांदा कळलं.

अशा डोळ्याचं वय निघून जातं. मेंदूला डोळ्यांकडून स्पष्ट चित्र मिळालं तर बघणं घडतं. एका डोळ्याकडून सतत धूसरच येत राहिलं तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. त्यालाच आळशी डोळा म्हणतात. सातव्या वर्षाच्या आत उपचार सुरू झाले, म्हणजे चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, तर फायदा सगळ्यात चांगला. पुढेही दार लगेच बंद होत नाही: अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७ ते १२ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांहून थोड्या अधिक मुलांची नजर उपचारांनी सुधारली. पण निम्म्यांची. पोलीस भरतीच्या वैद्यकीय तपासणीत पहिल्यांदा कळलेला आळशी डोळा घेऊन तरुण येतात, तेव्हा माझ्याकडे द्यायला फारसं काही नसतं.

‘चष्म्यानं डोळे आळशी होतात, नंबर चढतो.’

वरचं वाचल्यावर पहिलं अर्धं वाक्य उलटं आहे हे लक्षात आलं असेल. डोळा आळशी होतो तो गरज असताना चष्मा न मिळाल्यानं.

नंबर चढतो हे मात्र खरं, आणि म्हणूनच हा समज इतका टिकाऊ आहे. लघुदृष्टीत डोळ्याचा गोळा मागेपुढे लांब झालेला असतो, त्यामुळे प्रतिमा डोळ्यातल्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच जुळते. मूल वाढतं तसा तो गोळाही वाढतो आणि एखाद्या मिलिमीटरच्या वाढीनं अडीच-तीन नंबरचा फरक पडतो. ही वाढ चष्मा लावला तरी होते, न लावला तरी होते. नव्या चपला घेतल्या म्हणून पोराचा पाय वाढला, असं आपण म्हणत नाही.

कमी नंबरचा चष्मा दिला तर डोळा ‘स्वतः मेहनत करेल’ आणि नंबर थांबेल, अशी कल्पना एके काळी डॉक्टरांमध्येही होती. मलेशियात ती तपासून पाहिली. ९ ते १४ वयाच्या ९४ मुलांपैकी काहींना पूर्ण नंबरचा, काहींना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दोन वर्षं दिला. कमी नंबरवाल्यांचा नंबर जास्त वाढला. ही गोष्ट २००२ सालची आहे. त्यानंतर चीनच्या ग्रामीण भागात २५२ प्राथमिक शाळांमधल्या ३,१७७ मुलांवर मोठा प्रयोग झाला, २०१४ मध्ये छापून आला. ज्या मुलांना फुकट चष्मे दिले त्यांचे गणिताचे गुण वाढले, आणि चष्म्याविना दिसणारी त्यांची नजर इतरांपेक्षा खालावली नाही.

(मुलींच्या बाबतीत ‘नंबर चढतो’ हे बरेचदा वरवरचं कारण असतं. खरी काळजी लग्नाची असते, आणि ती ओपीडीत बाप बाहेर गेल्यावर आई हळूच बोलून दाखवते. त्यावर माझ्याकडे अभ्यास नाही, फक्त राग आहे.)

‘गाजर, बदाम, त्राटक.’

गाजर जरूर खा. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावानं रातांधळेपणा येतो, बुबुळ खराब होतं, ते गाजर, पपई, पालेभाजीनं टळतं. पण गोळ्याची लांबी गाजरानं आखूड होत नाही. त्राटकासारख्या, म्हणजे टक लावून बघण्यासारख्या, डोळ्यांच्या व्यायामाचं म्हणाल तर त्याचा जगातला सगळ्यात मोठा प्रयोग चीननं करून ठेवला आहे. तिथल्या शाळांत १९६० च्या दशकापासून मुलांकडून रोज डोळ्यांचा व्यायाम करून घेतात. २०१८ च्या सरकारी पाहणीत तिथल्या ५३.६ टक्के मुलांना लघुदृष्टी निघाली. लघुदृष्टी लागायची शक्यता ज्यानं कमी होते असा घरगुती उपाय एकच, आणि तो बाटलीत मिळत नसल्यानं फॉरवर्डमध्ये येत नाही: उन्हात खेळणं. चीनच्याच ग्वांगझू शहरात १२ शाळा निवडून त्यांतल्या सहा शाळांत रोज ४० मिनिटं मैदानावरचा जादा तास ठेवला. तीन वर्षांत जिथे हा तास होता तिथे ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी लागली. नव्हता तिथे ३९.५ टक्के. पीटीचा तास गणिताला देणाऱ्या शाळांनी हे आकडे बघावेत.

‘कानात तेल सोडा, तपासणी कशाला?’

कान माझं खातं नाही, पण आमच्या शेजारच्या खोलीत कान-नाक-घशाची ओपीडी चालते आणि बाहेरचा बाक एकच आहे, त्यामुळे बरंच कानावर पडतं. लसूण घालून कडकडवलेलं तेल हा आजीचा उपाय. ज्या मुलाच्या कानाचा पडदा फाटलेला आहे, कान वाहतो आहे, त्याच्या कानात तेल थेट मधल्या कानात जातं आणि आत ओल धरून ठेवतं. पडदा शाबूत आहे की फाटलाय, हे घरी बसून कळत नाही. त्यासाठी दुर्बीण घालून बघावं लागतं, म्हणजे तपासणीच.

मुलांच्या ऐकण्यातले बरेच दोष हे असे साध्या कारणांचे असतात: मळ घट्ट बसलेला, सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साठलेलं, कान फुटलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार बालपणीच्या बहिरेपणापैकी जवळपास ६० टक्के टाळता येण्याजोग्या कारणांनी येतो. कानात पाणी साठलेलं मूल ठार बहिरं नसतं. हाक मारली की ओ देतं, म्हणून घरी संशय येत नाही. पण चाळीस पोरांच्या वर्गात, पंख्याच्या खडखडाटात, बाईंनी फळ्याकडे तोंड करून सांगितलेलं त्याच्यापर्यंत तुटक पोचतं. शुद्धलेखनात ‘स’ आणि ‘श’चा घोळ, प्रत्येक प्रश्नाला ‘आँ?’, टीव्हीचा आवाज वाढवणं, गृहपाठ भलताच करून आणणं. याला घरात ‘ऐकतच नाही मेला’ म्हणतात. खरंच ऐकू येत नसेल, हे कुणाच्या मनात येत नाही.

शाळेत ही तपासणी नीट करणं डोळ्यांपेक्षा अवघड आहे, हेही सांगायला हवं. हेडफोन लावून १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे बारीक आवाज ऐकवायचे आणि मुलानं हात वर करायचा, अशी साधी पद्धत. पण त्याला शांतता लागते. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडत असेल किंवा शेजारी पोषण आहाराची पातेली घासली जात असतील, तर निम्मा वर्ग नापास होईल.

‘प्रगत देशांनी बंद केली.’

इथे मेसेजवाल्यानं कुठून तरी खरी बातमी उचलली आहे आणि तिचं डोकं कापून धड पाठवलं आहे. ब्रिटनमध्ये शाळाप्रवेशाच्या वेळची कानाची तपासणी काही भागांत होते, काही भागांत नाही. २०१६ साली तिथल्या एका मोठ्या अभ्यासानं म्हटलं की या तपासणीमुळे बहिरेपणा लवकर किंवा जास्त प्रमाणात सापडतो असं दिसत नाही. का? कारण इंग्लंडमध्ये २००६ पासून जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या कानाची तपासणी होते आणि राहिलेलं मूल फॅमिली डॉक्टरकडून पुढे पाठवलं जातं. आपल्याकडे मोठ्या शहरातल्या काही रुग्णालयांत नवजात बाळाचे कान तपासतात. खेड्यापाड्यात जन्मलेल्या पुष्कळ मुलांच्या बाबतीत शाळेतली तपासणी ही पहिलीच असते. आणि त्याच ब्रिटनमध्ये ४ ते ५ वर्षांच्या मुलांची नजर तपासावी अशी अधिकृत शिफारस आहे. ते वाक्य फॉरवर्डमध्ये नाही.

‘चष्मेवाल्यांचा धंदा.’

हाच तो अर्धा खरा मुद्दा. दोन गोष्टी एकाच नावाखाली चालतात. एक, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो सुरू झाला तोच पालघरमधून, जे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पथकात दोन डॉक्टर, एक नर्सताई, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा येतात, पैसे घेत नाहीत, काही विकत नाहीत. दोष वाटला तर चिठ्ठी देऊन पुढे पाठवतात. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना चष्माही मोफत मिळतो. यात चष्मेवाल्याचा धंदा बुडतोच.

दुसरी गोष्ट म्हणजे खासगी शाळेच्या हॉलमध्ये दुकानानं लावलेलं ‘मोफत शिबिर’. मशिनसमोर मुलाला मिनिटभर बसवतात, छापील नंबर निघतो, सोबत २० टक्के सवलतीचं कूपन. याबद्दल पालकांच्या मनात शंका असेल तर ती रास्त आहे. लहान मुलाचा डोळा जवळ बघताना स्वतःला ताणून धरतो आणि मशिन त्या ताणाचाही नंबर छापतं. म्हणून मुलाचा नंबर थेंब टाकून, तो ताण सैल करूनच काढायचा असतो. शाळेतल्या तपासणीत फक्त कोणाला पुढे पाठवायचं ते ठरतं. नंबर तिथे ठरवायचा नसतो. जिथे त्याच टेबलावर नंबर आणि फ्रेम दोन्ही मिळतात, तिथून चष्मा घेऊ नका. पण त्यासाठी मुलाला तपासणीच्या दिवशी घरी ठेवायची गरज नाही.

तपासणीतून सुटणारी मुलंही असतात. दूरदृष्टीचं, म्हणजे जवळचं बघायला डोळ्याला जास्त ताण द्यावा लागतो असं, मूल ताण देऊन सहा मीटरचा तक्ता सहज वाचतं आणि पास होतं, मग पुस्तक धरलं की डोकं दुखतं. शिवाय रांगेतली पोरं हुशार असतात. तक्ता रांगेला दिसेल असा टांगला तर पाचवा मुलगा येईपर्यंत शेवटची ओळ पाठ झालेली असते. म्हणून मी गुरुजींना सांगतो, रांग दाराबाहेर ठेवा आणि तक्ता मध्येच फिरवा.

माझ्या अनुभवात मुलं हातची जातात ती बहुधा तपासणीनंतर. चिठ्ठी दप्तरात पडून राहते, रुग्णालयात न्यायचं तर मजुरी बुडते, नेलं तर थेंबांमुळे दिवसभर धूसर दिसतं म्हणून आई घाबरते. थेंबांचा असर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत उतरतो. काही औषधांचा जास्त दिवस राहतो, तेव्हा आधी विचारून घ्या आणि परीक्षेच्या आठवड्यात येऊ नका. चष्मा मिळाल्यावर मूल तो घालत नसेल तर ओरडण्याआधी फ्रेम बघा. फुकटची फ्रेम बरेचदा मोठ्या मापाची असते, नाकावरून घसरते, कानामागे टोचते. ती घेऊन या, आम्ही गरम करून वाकवून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. आणि वर्षाच्या आत नंबर पुन्हा तपासून घ्या, लहान मुलाचा असेल तर सहा महिन्यांनीच.